मैत्रिणीचा धर्म

मुलगी वयात आली की, "आता लाजेने राहा," असे तिला घरोघर सांगतात; परंतु मैत्रिणीशी कसे वागावे, हे कोण सांगतो? प्रिय वाचकहो, अनुताई वाघ ह्यांचा तेराव्या वर्षी विवाह होऊन थोड्याच महिन्यांत त्यांस वैधव्य आले. तथापि त्या शिकल्या. पुढे १९४५ साली, आपल्या डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे त्या ताराबाई मोडक ह्यांस जाऊन मिळाल्या, व दोघींनी गोरगरिबांच्या अंगणांत बालवाडी भरविली. एकीने दुसरीस हात दिला, हेच त्यांचे स्त्रीत्व.

आज पालघर-बोईसरकडील सातवीच्या वर्गात एखादीच्या वस्त्रावर डाग दिसला व सोबतिणी हसल्या, तर ती शाळेस पुन्हा तोंड कसे दाखवील? मग निर्लज्ज कोण? जी हसली ती. जिने आपली ओढणी तिच्या कमरेस बांधली, तीच शीलवती होय. मातांनो, हा धडा घरीच द्या.