पोटावरची जागा

जीव वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करायची की नाही, हा प्रश्न तसा फार अवघड नसतो. डॉक्टर सांगतात, घरचे होकार देतात, कागदावर सही होते. अवघड प्रश्न त्यानंतरचा. जीव वाचला आहे, पण जगणे जिकिरीचे झाले आहे; ते सुसह्य व्हावे एवढ्यासाठी पुन्हा पोट उघडू द्यावे काय? आणि हे ठरवायचे कोणी?

आम्ही जळगावला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वैद्यकाशी आमचा संबंध नाही. परंतु धुळ्याला राहणाऱ्या आमच्या खालूंमुळे हा प्रश्न आमच्या दारी आला. गुदाशयाच्या कर्करोगामुळे त्यांचे गुदद्वार काढून टाकावे लागले. आतड्याचे तोंड पोटावर डाव्या बाजूला काढून त्यावर पिशवी लावली गेली. याला स्टोमा म्हणतात. कर्करोग गेला, पण दोन वर्षांत स्टोमाभोवतीचे स्नायू सैल पडून तेथे हर्निया झाला. फुगलेल्या पोटावर पिशवीची चकती नीट बसेना. त्यात खानदेशचा उन्हाळा! पारा ४५ अंशांकडे सरकला की घामाने चकती सुटायची, मळ कातडीवर उतरायचा आणि कातडी सोलून निघायची. खालू लग्नकार्याला जाईनात, एस. टी. त बसेनात, मशिदीची पायरीही चढेनात.

सर्जनने दोन वाटा सांगितल्या. एक, हा स्टोमा बंद करून उजव्या बाजूला नवा काढायचा आणि जुन्या जागी जाळी बसवून हर्निया दुरुस्त करायचा. मात्र नव्या जागीही हर्निया होऊ शकतो. पहिल्या शस्त्रक्रियेमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असू शकतात. भूल आणि जंतुसंसर्गाचा धोका आहेच. दुसरी वाट, कमरेला आधाराचा पट्टा, वेगळ्या घडणीची चकती, खाचा भरणारी पेस्ट, आणि निभावून नेणे.

घरात लगेच दोन तट पडले. एक म्हणे, अल्लाहने जीव राखला, आता सब्र करावा. पुन्हा शस्त्रक्रिया मागणे ही नाशुक्री. दुसरा म्हणे, पाकी राहत नाही, नमाज खोळंबते, तेव्हा शस्त्रक्रिया झालीच पाहिजे. दोघांनीही दीनचे नाव घेतले. पण दीन काय म्हणतो?

चौदाव्या शतकात अंदलुसमध्ये होऊन गेलेल्या इमाम शातिबी यांनी शरीअतच्या हेतूंची तीन पायऱ्यांत मांडणी केली आहे: जरूरियात, हाजियात आणि तहसीनियात. पहिल्यावाचून जीवनच कोलमडते. दुसऱ्यावाचून माणूस जगतो, पण तंगीत आणि त्रासात. तिसऱ्याने जगण्याला शोभा येते. खालूंची अडचण दुसऱ्या पायरीवरची होती. त्रास दूर करणे हाही शरीअतचा हेतूच आहे. मग त्रासातून सुटका मागणाऱ्याला नाशुक्रा कसे म्हणावे? सब्र स्वतःचा असतो. तो दुसऱ्यावर लादला की त्याचा जुलूम होतो.

पाकीचा मुद्दाही टिकत नाही. हनफी फिकहात ‘माजूर’ची सवलत आहे. ज्याचा स्राव वुजू करून फर्ज नमाज अदा करण्यापुरताही थांबत नाही, त्याने प्रत्येक नमाजीच्या वेळेला नवा वुजू करावा आणि नमाज पढावी. त्या वेळेत त्याच स्रावामुळे वुजू तुटत नाही. म्हणजे नमाजीसाठी कोणाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढवण्याची सक्ती दीनने केलेली नाही. जेथे सवलत आहे तेथे भीती घालणे बरे नव्हे.

दोन्ही मुद्दे असे बाजूला झाले की उरतो तो माणूस, ज्याच्या पोटावर ती पिशवी आहे. आपल्याकडे नेमके त्यालाच विचारले जात नाही. मुलगे डॉक्टरांशी बोलतात, जावई खर्चाचा हिशेब करतात, आजारी माणूस बाजेवरून ऐकत राहतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हाच प्रश्न तपासला. तपासणीपुरती संमती दिलेली ती स्त्री भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले होते. न्यायालयाने सांगितले, रुग्ण सज्ञान आणि समजता असेल, जिवावरचा तातडीचा प्रसंग नसेल, तर आईची संमतीही चालणार नाही. फायदे, धोके आणि दुसरे पर्याय समजून दिलेली संमती तीच खरी. आमच्या मते हा नुसता कायदा नाही, हे अदबीचे तत्त्व आहे. वडीलधाऱ्यांचा मान राखणे म्हणजे त्यांच्या वतीने बोलणे नव्हे.

शेवटी खालूच एकदा म्हणाले, “तकलीफ मेरी है, तो पूछो भी मुझसे.” मग त्यांनी सर्जनला आपले प्रश्न विचारले: काही केले नाही तर काय होईल? नव्या जागी पुन्हा तेच झाले तर? आणि नवी जागा कोण ठरवणार? तिसरा प्रश्न आम्हांला सर्वांत मोलाचा वाटला. जागा शस्त्रक्रियेआधी, माणूस जागा असताना ठरवायची असते. त्याला उभे करून, बसवून, वाकवून पाहायचे. नाभी, जुना व्रण, कातडीची घडी, पायजम्याच्या नाडीची रेषा टाळायची. आणि ती जागा त्याला स्वतःला दिसली पाहिजे. खालूंनी रुकूत वाकून, सजद्यात जाऊन दाखवले, तेव्हा शाईची खूण झाली.

शस्त्रक्रिया झाली. कातडी भरून आली, खालू पुन्हा जुम्म्याला जाऊ लागले. वर्षाने नव्या जागीही किंचित फुगवटा दिसू लागला आहे. तेव्हा पहिल्या तटाचे लोक म्हणाले, “बघा, आम्ही सांगत नव्हतो?” आम्हांला हा युक्तिवाद पटत नाही. परिणाम माणसाच्या हाती नसतो, म्हणून निर्णयाची पारख केवळ परिणामावर करता येत नाही. धोका माहीत होता काय, पर्याय तोलले होते काय, आणि ज्याला भोगायचे त्यानेच ठरवले काय, एवढेच विचारायचे. खालूंनी पट्टा न बांधता निभावून न्यायचे ठरवले असते, तरी आम्ही त्या निर्णयाला तितकेच योग्य म्हटले असते.