वीरगीताची चाल

गेल्या पावसाळ्यांत एका स्नेह्यांच्या घरीं बसलों असतां त्यांचा नातू हातांत कांहीं कागद घेऊन बाहेर आला. त्याच्या महाविद्यालयांतील तरुणांनीं एक संगीतिका बसविण्याचें ठरविलें होतें. कथा सर्वस्वीं कल्पित. राज्य कल्पित, राजा कल्पित, आणि ज्या खिंडींत मूठभर वीरांनीं शत्रूची वाट अडविली ती खिंडही कोणत्या नकाशावर नसलेली. दरबारांतील भाट ती कथा गातो, असा त्यांत एक प्रवेश होता. पद्य तयार होतें. चाल तेवढी राहिली होती. मुलानें विचारलें, "आजोबा, याला चाल कोणती द्यावी? परदेशी चित्रपटांतल्यासारखा मोठा वाद्यवृंद आणि शंभर कंठांचा समूहस्वर घ्यावा, एखाद्या रागांत बांधावें, कीं आपला डफ पुरे?" आजोबा गाण्यांतले जाणकार. ते चटकन् म्हणाले, "वीररसाला साजेल ती दे." मुलाचें समाधान झालें. माझें मात्र झालें नाहीं. प्रश्न दिसावयास संगीताचा असला तरी तो केवळ संगीताचा नाहीं, असें मला घरीं परततांना सारखें वाटत होतें. पराक्रमाच्या कथेला चाल देणारा मनुष्य ऐकणाराच्या मनावर एक प्रकारची सत्ता चालवीत असतो. ती त्यानें किती चालवावी व कोणत्या हेतूनें चालवावी, हा नीतीचा प्रश्न आहे.

आजोबांच्या उत्तराला आधार मोठा आहे, हें कबूल केलें पाहिजे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत स्वरांची रसांशीं सांगड घालून दिली आहे. वीर, रौद्र व अद्भुत या रसांना षड्ज आणि ऋषभ, करुणाला गांधार आणि निषाद, अशी ती वांटणी आहे. भरतांची दृष्टि रंगभूमीवर होती. प्रेक्षकाला रसाचा आस्वाद घडावा, एवढेंच त्यांना साधावयाचें होतें, आणि त्या मर्यादेंत त्यांचा नियम निर्दोष आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याला मात्र तेवढ्यानें भागेना. आपल्या 'रिपब्लिक' या ग्रंथांत आदर्श राज्याची मांडणी करतांना त्यानें विलापाच्या व सैलपणाच्या स्वररचना हद्दपार केल्या. धैर्याच्या व संयमाच्या म्हणून डोरियन आणि फ्रिजियन या दोनच ठेविल्या. आणि पुष्कळ तारांच्या वाद्यांनाही दरवाजा बंद केला. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागांत तो म्हणतो, कीं कवीच्या बोलण्यावरून संगीताचा रंग उतरविला, तर मागें उरणारें त्याचें रूप तारुण्य ओसरलेल्या, पण मुळांत सौंदर्य नसलेल्या चेहऱ्यासारखें दिसतें.

प्लेटोचें हें भय कोणाला अतिशयोक्त वाटेल. परंतु आपलाच अनुभव पडताळून पाहावा. रात्रीच्या सभेंत शाहीर उभा राहतो, डफावर थाप पडते, तुणतुण्याची तार एकसारखी बोलूं लागते, मागचे झीलकरी उंच स्वरांत 'जी जी' ची झील धरतात, आणि आपल्या नकळत आपण ताठ बसतों. शाहीर जें सांगतो तें त्या घटकेला पटत नाहीं असें होतच नाहीं. दुसऱ्या दिवशीं तोच पोवाडा छापील पानावर वाचावा. १८९१ सालीं अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं ऐतिहासिक पोवाड्यांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, तो घेऊन बसलें म्हणजे हा अनुभव नेमका येतो. कांहीं ठिकाणीं कवीची दृष्टि पाहून मन थक्क होतें. कांहीं ठिकाणीं मात्र, रात्रीं आपण हें ऐकून मान डोलावली असती कीं काय, अशी शंका येऊन मनुष्य ओशाळतो. मान डोलाविली ती डफाला, कीं सांगितलेल्या गोष्टीला? वीरगीतासंबंधींचा सारा नैतिक प्रश्न या एका शंकेंत सामावलेला आहे.

या शंकेचें एक उत्तर मला पोवाड्याच्या घडणींतच सांपडलें, असें प्रथम वाटलें. पोवाड्याचें संगीत श्रीमंत नाहीं. थोड्या स्वरांत फिरणारी चाल, उंच लावलेला आवाज, ठाशीव लय, आणि मधून मधून चाल सोडून साध्या बोलण्यांत सांगितलेली हकीकत, एवढाच त्याचा संसार. अलंकारिक गायकीला त्यांत जागा नाहीं. कारण तान घेतली कीं शब्द बुडतो, आणि शब्द बुडाला तर पोवाडा कशाला? आणखी एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानतात. तो विजयाचा आहे. परंतु १७६१ च्या पानिपतावरही पोवाडे झाले, १७७३ सालीं शनिवारवाड्यांत झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनावरही झाले. ज्या डफावर खर्ड्याचा जय गाइला गेला, त्याच डफावर पानिपतचा संहारही गाइला गेला. पराजयासाठीं वेगळें रडवें वाद्य शाहिरानें आणलें नाहीं. घरांतल्या खुनाची गोष्ट चारचौघांत कशी सांगावी, म्हणून तो गप्पही बसला नाहीं. स्तुतीला एक साज आणि शोकाला दुसरा, असा भेद नसल्यामुळें त्याचें गाणें साक्षीदाराच्या जबानीच्या जवळ जातें. साक्षीदाराचा आवाज घडलेल्या गोष्टीच्या रंगाप्रमाणें बदलूं लागला, तर न्यायाधीश त्याच्याकडे संशयानें पाहतो.

याच्या अगदीं उलट पद्धतीचें उत्तम उदाहरणही आपल्याच भाषेंत आहे. आकाशवाणीच्या पुणें केंद्रावरून १९५५ सालीं सुरू झालेल्या गीतरामायणांत माडगूळकरांच्या छप्पन्न गीतांना सुधीर फडके यांनीं प्रसंगाप्रमाणें निरनिराळे स्वरसाज चढविले. तेथें प्रत्येक भावनेला तिचा राग मिळाला आहे, आणि घराघरांतून लोकांनीं तें ज्या भक्तीनें ऐकलें ती भक्ति खोटी होती असें कोण म्हणेल? पण गीतरामायणाचा श्रोता कथा आधींच जाणत होता. तिच्यांतल्या न्यायान्यायाचा विचार पिढ्यान् पिढ्या झालेला होता. तेथें संगीत निर्णय देत नव्हतें, ओळखीच्या दुःखाला वाट करून देत होतें. अपरिचित कथा मात्र अशा समृद्ध संगीतांतून कानीं आली, तर कोणावर प्रेम करावें व कोणाचा द्वेष करावा, हें विचार जागा होण्यापूर्वींच ठरून जातें. चित्रपटांत खलपुरुष दाराआड असतो तोंच वाद्यें त्याच्याविषयीं निकाल देऊन मोकळीं होतात. कल्पित राज्यांच्या कथांना हा धोका अधिक. कारण त्या राज्याचा दुसरा इतिहासच नसतो.

तर मग साधी चाल घ्यावी, म्हणजे विवेक सुरक्षित राहील, एवढ्यावर मी थांबलों असतों. परंतु दुसऱ्या एका देशाची हकीकत आठवली आणि तें समाधान टिकेना. पूर्वीच्या युगोस्लाव्हियाच्या प्रदेशांत गुसले नांवाचें एक वाद्य आहे. त्याला बहुधा एकच तार असते, आणि त्यावर दहा अक्षरांच्या ओळींत वीरकथा गातात. मिल्मन पॅरी या अमेरिकन पंडितानें १९३३ ते १९३५ या काळांत तेथें जाऊन हीं गाणीं ध्वनिमुद्रित केलीं. अवदो मेजेदोविच नांवाच्या एका निरक्षर गायकानें त्याला बारा हजारांहून अधिक ओळींची एक कथा गाऊन दाखविली, आणि होमरचीं काव्यें तोंडीं कशीं रचिलीं गेलीं असतील, याचा उलगडा त्यावरून झाला. पोवाड्याहूनही गरीब असें हें संगीत. तेथील ख्रिस्ती गायक कोसोव्होच्या १३८९ च्या लढाईंतील आपला नाश गातात, म्हणजे पराजय गाण्याची कसोटीही तें उतरतें. पण मुसलमान गायक त्याच वाद्यावर, त्याच वृत्तांत, सीमेवरच्या लढाया उलट बाजूनें गातात. तारेला त्याचा विधिनिषेध नाहीं. आणि १९९२ सालीं, साराजेवो शहराला वेढा पडलेला असतां, बोस्नियांतील सर्बांचा पुढारी राडोव्हान काराजिच एका माहितीपटांत गुसले घेऊन गातांना दिसला. पुढें २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानें त्याला वंशसंहाराबद्दल दोषी ठरविलें. एकतारी वाद्यानें त्याच्या हाताला अडविलें नाहीं. सहा शतकांपूर्वींचा पराजय गातां गातां तोच आजच्या सुडाचा आधार कसा होतो, हें येथें डोळ्यांसमोर दिसतें. चालीचा साधेपणा हा सद्गुण खरा; पण तो सत्याचा जामीन नव्हे.

मग जामीन कोठें शोधावा? मला वाटतें, श्रोत्यांत कोण बसलें आहे असें गायक मानतो, यांत. होमरच्या 'ओडिसी' काव्याच्या आठव्या सर्गांत दिमोदोकस नांवाचा अंध गायक परक्या राजाच्या दरबारीं ट्रॉयच्या पाडावाची कथा गातो. सभा आनंदानें ऐकते. त्या कथेचा नायक ओडिसियस ओळख न देतां तेथेंच बसलेला आहे. लांकडी घोड्याचें आख्यान त्यानेंच मागून घेतलें आहे. स्वतःचा पराक्रम ऐकून त्यानें सुखावावें, तर तो रडूं लागतो. कवि त्या रडण्याला जी उपमा देतो ती विलक्षण आहे. नगर राखतांना पडलेल्या पतीच्या देहाला मिठी मारून आक्रोश करणारी, आणि मागून भाल्यांचे दांडे मारून जिला दासी म्हणून ओढून नेत आहेत, अशी स्त्री जशी रडेल, तसा तो रडला. म्हणजे जेता जितांच्या विधवेसारखा रडला. राजानें तें पाहिलें आणि गाणें थांबविलें; कारण ज्या गाण्यानें साऱ्या सभेला सारखा आनंद होत नाहीं तें पुढें चालवूं नये, असें त्याला वाटलें.

आपल्या रामायणांतही असाच प्रसंग आहे. वाल्मीकींनीं शिकविलेलें काव्य कुश आणि लव वीणेच्या साथीनें गातात, आणि अश्वमेधाच्या मंडपांत ऐकावयास प्रत्यक्ष राम बसलेले आहेत. तें गाणें रामांच्या विजयाचें आहे, हें खरें. पण जिचा त्याग झाला तिचींच मुलें तें गात आहेत. त्या गायनांतून राजाला आपले पुत्र ओळखूं येतात, सीतेला बोलावणें जातें, आणि अखेर ती भूमींत विलीन होते. जगांतील दोन थोर वीरकाव्यांनीं आपल्याच गायनाचा प्रसंग रंगवितांना ज्याला दुखावलें गेलें त्याला, किंवा त्याच्या दुःखाला, सभेंत आणून बसविलें आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

वीरगीतानें स्फूर्ति देऊंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. स्फूर्तीवांचून कोणताही समाज आपला स्वाभिमान राखूं शकत नाहीं. १८६९ सालीं जोतीराव फुल्यांनीं शिवाजीमहाराजांवर पोवाडाच रचिला, कारण जो वर्ग इतिहासाच्या ग्रंथांपर्यंत पोचत नव्हता त्याच्या कानांपर्यंत डफ पोचत होता. पण स्फूर्ति म्हणजे गुंगी नव्हे. जें गाणें जितांच्या घरचा मनुष्य समोर बसला असतांही खालीं मान न घालतां गातां येईल, तें खरें वीरगीत. मग त्याला शंभर वाद्यें असोत कीं एक तार. आणि पोवाड्यांत शाहीर चाल थांबवून साध्या आवाजांत बोलतो, ती जागा मला आतां संगीताच्या उणिवेची वाटत नाहीं. श्रोत्याला त्याचा विवेक परत करण्याची ती जागा आहे.

कांहीं दिवसांनीं तो मुलगा पुन्हां भेटला. मीं त्याला सांगितलें, "चाल तुला आवडेल ती दे. मात्र गाण्यांत एका ठिकाणीं सारीं वाद्यें थांबव, आणि खिंडींत पलीकडच्या बाजूचे किती पडले व त्यांच्या घरीं कोण वाट पाहत होतें, तें भाटाला नुसतें बोलूं दे."

तो थोडा वेळ विचारांत पडला. मग म्हणाला, "पण काका, तेथें टाळी पडणार नाहीं."

"नाहीं पडणार," मी म्हणालों. त्यानें कागदावर कांहीं खूण केली. काय केली, तें मीं विचारलें नाहीं.