सुरुंग आपलाच होता

मी : सुभेदारसाहेब, पेन्शनच्या नियमांत तरी भेद नाही. मोहिमेवर सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेली जखम युद्धातलीच धरतात.

सुभेदार : नियम चांगला आहे, त्यावर माझं घर चाललं. पण पाव्हण्यारावळ्यांना लढाई लागते. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, आम्ही राजस्थानच्या सीमेवर गेलो, सुरुंग पेरले, दहा महिने थांबलो. लढाई झालीच नाही. पेरलेलं काढताना माझा पाय गेला. सुरुंग आपलाच होता. ‘कुठल्या लढाईत?’ म्हणून विचारतात, तेव्हा काय सांगू?

मी : ऑपरेशन पराक्रम म्हणून सांगा. तुम्ही उभे होतात म्हणून युद्ध टळलं.

सुभेदार : हे तुम्हाला ठाऊक आहे, की मला बरं वाटावं म्हणून बोलताय?

मी : न झालेल्या युद्धाचं कारण कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

सुभेदार : मग जे सिद्ध होत नाही, त्याच्यावर माझा पाय टेकवू नका.

मी : बरं, तुमच्या तयारीवर टेकवतो. हुकूम आला असता तर तुम्ही मरायलाही तयार होतात.

सुभेदार : माझ्या शेजारी वाकलेला जवानही तयारच होता. तो दोन्ही पायांवर घरी गेला. त्याच्याकडे का गेला नाहीत?

मी : कारण किंमत तुम्ही मोजलीत.

सुभेदार : मी काही मोजलं नाही. तिथे वारा सुटला की वाळू सरकते. नकाशावर खूण एकीकडे, सुरुंग दुसरीकडे. पाऊल टाकलं तेव्हा माझ्या मनात देश नव्हता, पुढची खूण होती.

मी : नसू दे. तुम्ही तिथे होतात ते देशाने पाठवलं म्हणून. तुमच्या मनात काय होतं यावरून आमचं देणं ठरत नाही.

सुभेदार : हे पटलं. पण माझ्या जोडीदाराला बराकीत झोपेत अर्धांगवायू झाला, त्यालाही देशानेच पाठवलं होतं. आजार नोकरीमुळे झाला हे पटवायला त्याच्या बायकोने वर्षानुवर्षं कचेऱ्या झिजवल्या.

मी : २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मवीर सिंह खटल्यात सांगितलंय : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची.

सुभेदार : कोर्टाने सांगितलं, गावाने नाही. २६ जानेवारीला शाळेत मलाच बोलावतात. यंदा त्यालाही नेणार आहे. मुलं विचारतील, ‘आजोबा, तुम्ही कुठे लढलात?’ उत्तर तुम्ही द्या.

मी : सांगेन, की ते लढले नाहीत, आणि तरीही आपण त्यांचं देणं लागतो.

सुभेदार : पहिलं वाक्य त्याच्यासमोर बोलवेल तुम्हाला?