घर हीच पहिली शाळा



अनुवाद 6:7 येथे देव आईबापांस आज्ञा करितो की, त्याच्या वचनांविषयी मुलांशी घरात, वाटेवर, रात्री व सकाळी बोलत जावे. त्या आज्ञेत पाटी नाही की पंतोजी नाही; नित्याचा संसार हीच शाळा ठरविली आहे.

1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि शाळेचे दार उघडले. तथापि त्यापूर्वीची कोवळी वर्षे घरातच जातात. 1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढिले. तेथे खडे, शिंपले, बिया हीच लेकरांची साधने झाली.

म्हणून मलकापूरच्या मायबहिणींनो, "आम्ही अडाणी, काय शिकवणार?" असे म्हणू नका. तांदूळ निवडताना खडे मोजून घ्या. भाकरी थापताना लहानमोठी ओळखवा. बाजाराच्या वाटेने झाडापाखरांची नावे सांगा. लेकराने प्रश्न केला तर "गप्प बस" म्हणू नका. घरी ज्याचे तोंड मिटविले, ते शाळेत कसे उघडावे?

तीमथ्याला बालपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक होते; आजी लोईस व आई युनीके यांच्या निष्कपट विश्वासाची पौल आठवण करितो. बापांनो, हा भार एकट्या आईवर टाकू नका. आज रात्री लेकराला जवळ घ्या, दिवसभरात काय पाहिले ते विचारा, पुरते ऐकून घ्या, मग त्याच्यासह प्रार्थना करा.

बालकांना कवेत घेणारा प्रभू आपली घरे आशीर्वादित करो. आमेन.