गोष्ट ठाऊक असते तेव्हा

कोकणातलं दशावतारी नाटक बघायला बसलेल्या माणसाला आख्यान आधीच ठाऊक असतं. कर्णाच्या रथाचं चाक रुतणार, अभिमन्यू चक्रव्यूहातून जिवंत परतणार नाही, हे पहिल्या रांगेत फतकल मारून बसलेल्या पोरालाही माहीत असतं. तरी दिवाळी सरून जत्रा सुरू झाल्या की मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या देवळांपुढे माणसं रात्र जागवतात. हातात कागदातलं खाजं, मांडीवर पेंगुळलेलं मूल, समोर एक पडदा आणि एक लाकडी बाकडं. राजा आला की तेच बाकडं सिंहासन होतं. आधी आडदशावतार म्हणजे पूर्वरंग होतो, गणपती येतो, मालवणीत फटकेबाजी करणारा संकासुर हसवून जातो आणि मग आख्यान उभं राहतं. संवाद कुठे लिहिलेले नसतात. कथा काय घ्यायची, प्रवेश कसे लावायचे एवढं आधी ठरतं. बाकी सारं नटाला उभ्या उभ्या सुचावं लागतं.

उजाडताना घरी परतणाऱ्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. शेवट काय झाला, याची चर्चा कोणीच करत नाही. ‘आजचो कर्ण जमलो नाय,’ असं एखादा म्हणतो. का जमला नाही, हेही त्याला सांगता येतं. कुंती येऊन मी तुझी आई म्हणते, तेव्हा कर्णाने लगेच लांबलचक भाषण सुरू केलं. ‘तेणां वायच थांबाक व्हया होतां!’ म्हणजे, त्याने जरा थांबायला हवं होतं.

मला हे वाक्य समीक्षेचा उत्तम नमुना वाटतं. त्यात सिद्धांत नाही, परिभाषा नाही. पण कलाकृतीत नेमकं कुठे बिनसलं, त्या जागेवर बोट ठेवलेलं आहे. आयुष्यभर जन्मदात्रीला न भेटलेल्या माणसाला उत्तर इतक्या पटकन सुचणार नाही, ही माणसाच्या मनाची जाणही त्यात आहे. हे बोलणाऱ्याने नाट्यशास्त्र वाचलेलं नसेल, पण त्याने कर्ण पुष्कळ बघितले आहेत. गोष्ट ठाऊक असल्यामुळे ‘पुढे काय’ या प्रश्नातून तो मोकळा झालेला आहे आणि त्याचं सगळं अवधान ‘कसं’ या एका प्रश्नाकडे लागलेलं आहे.

याच मुलखातल्या एका कवीने हा विचार थेट ग्रीसहून मराठीत आणून ठेवला. विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, जन्म १९१८चा. इंग्रजीचे प्राध्यापक, २००३ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी, आणि अॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचे मराठी अनुवादक. त्या ग्रंथात अॅरिस्टॉटल सांगतो की, उत्तम शोकांतिका मोजक्या काही घराण्यांच्या कथांवरच रचल्या जातात. परंपरेने आलेली कथा नाटककाराने मोडू नये, मात्र ती कशी वापरायची यात त्याचं कसब दिसलं पाहिजे. ग्रीक कथांमधल्या त्या घराण्यांच्या जागी आमचे कौरव-पांडव घातले की हे वर्णन दशावतारालाही लागू पडतं.

कवितेचंही तसंच आहे. कवितेचे विषय किती? पाऊस, आई, प्रेम, देव, मरण, आणि या सगळ्यांत मिसळलेलं एकटेपण. माणसाला या गोष्टी कवितेशिवायही ठाऊक असतात. मरण अटळ आहे, ही बातमी कवीकडून कळत नाही. तरी आपण कविता वाचतो, कारण ठाऊक असलेली गोष्ट एखाद्या ओळीत अशी काही समोर येते की ती आजवर नुसती ऐकली होती, समजली नव्हती, असं वाटतं.

शाळेत मात्र आपल्याला उलटी सवय लागते. ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ हा पहिला प्रश्न. दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे. मुलं ते मार्गदर्शकातून पाठ करतात आणि कविता मोठ्याने एकदाही न वाचता चार गुण मिळवतात. कप्प्यांत चूक काही नाही. चूक क्रमात आहे. आधी ऐकायचं, मग कुठे अडलो ते बघायचं, आणि कप्प्यांची नावं अगदी शेवटी द्यायची. विंदा, वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट हे तिघे वर्षानुवर्षं गावोगाव कविता वाचत फिरले. समोरच्यांच्या हातात पुस्तक नसायचं, पान उलटून मागे जायची सोय नव्हती. ओळ कानावर पडेल तेव्हाच पोचली तर पोचली. मराठीतल्या कितीतरी जणांना कविता पहिल्यांदा कळली ती अशी, कानांनी.

विषय सगळ्यांना ठाऊकच असतील, तर मग कवीचं काम काय उरतं? तेंडोलीजवळच्या बागलांच्या राईत १९३०मध्ये जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळात घरची खानावळ चालवत होते. कोणाचं जेवण झालं, कोणाचे पैसे राहिले, उद्या बाजारातून काय आणायचं, हे रोजचं. त्यांनीच ‘आरती प्रभु’ या नावाने ‘जोगवा’, ‘दिवेलागण’, ‘नक्षत्रांचे देणे’ हे संग्रह लिहिले. शेवटच्या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो १९७८ साली, म्हणजे ते जाऊन दोन वर्षं झाल्यावर. देवळातला काळोख, गरिबीतली घुसमट, देवचाराची भीती, कोणाला सांगता न येणारं एकटेपण हे त्या मुलखात घरोघरी होतं. खानावळीत पानावर बसणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. ते म्हणायचं कसं, याचा घोर मात्र वाढणाऱ्याने घेतला. कवीचा वसा म्हणतात तो मला इतकाच दिसतो. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचं ‘कसं’ आपल्या अंगावर घ्यायचं, आणि त्यापायी दुसऱ्या कुठल्या कामातून सूट मागायची नाही.

दशावतारी नटांबद्दल आमच्याकडे म्हणतातच, राती राजा, सकाळी कपाळार बोजा. रात्रभर मुकुट घालून गर्जना करणारा सकाळी सामानाचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरायचा. लोक हे थोडं चेष्टेने, थोडं कळवळ्याने बोलतात. मला त्यात कीवेसारखं काही वाटत नाही. पेटाऱ्याचं वजन माहीत असलेला माणूस राजाचं ओझं उसनं आणत नाही. त्याचा आवाज खरा लागतो. खानावळीचा हिशेब आणि कवितेची ओळ एकाच हाताने लिहिणाऱ्यालाही हे कळलं असणार.

नटाला त्याचा समीक्षक समोरच भेटतो. पेंगणारी माणसं वाढू लागली की आपलं कुठे चुकतंय ते त्याला तिथल्या तिथे कळतं, आणि उद्याच्या गावात तो कर्ण सुधारतो. कवीपुढे रात्री फक्त कोरा कागद असतो. म्हणून ‘वायच थांबाक व्हया’ म्हणणारा तो प्रेक्षक त्याला स्वतःच्या आत बसवून घ्यावा लागतो. तो फार कडक असला तर ओळ उमटतच नाही, आणि झोपी गेला तर ओळी थांबतच नाहीत. आपल्याकडे सध्या दुसऱ्या प्रकारचे कवी जास्त आहेत, आणि त्यांना ‘वा, वा’ म्हणणारे तर त्याहून जास्त.

वाचक म्हणून आपल्याला करता येण्याजोगी गोष्ट लहान आहे. शाळेपासून ठाऊक असलेली कुठलीही एक कविता आज मोठ्याने वाचा. अर्थ माहीत आहेच, तो बाजूला राहू द्या. वाचताना आवाज आपोआप कुठे रेंगाळतो ते बघा आणि कवीने आपल्याला नेमकं तिथेच का थांबवलं, हे स्वतःला विचारा. पटणारं उत्तर मिळालं तर समीक्षा करायला तुम्हाला दुसऱ्या कोणाच्या परवानगीची गरज उरणार नाही.