मोडीचा भाव

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली उतरतात. काही वर्षांपूर्वी नांदेडच्या आमच्या घरी ती अशीच उतरली आणि मी ती मोडीच्या भावाने देऊन टाकली. आजीची घागर, गंगाळ, समई, सारे तराजूत गेले. राहिला एक अडकित्ता. तो आईने मुठीत घट्ट धरला होता. "हा द्यायचा नाही," एवढेच ती म्हणाली. का, ते मी विचारले नाही.

पुढे लातूरच्या शाळेत असताना मुलांची सहल घेऊन मी तेरला गेलो. तेरणेकाठचे हे गोरोबाकाकांचे गाव. त्याहीपूर्वी ते तगर म्हणून नांदत होते. इथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. पावसाने गावाची पांढरी धुपली की जुने मणी, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडत. लोक त्यांवरून चालत जात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी मात्र त्या जन्मभर वेचल्या. आज तेथे त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे.

"गुरुजी, ह्याचे किती रुपये येतील?" मण्यांकडे बोट दाखवून एका मुलाने विचारले.

मी गप्प झालो. एका मण्याचे येणार ते किती? पण एकाच गावचे असंख्य मणी एकत्र राहिले, म्हणून बुडालेले नगर बोलू लागले. त्यातला एक विकला तर नुसता मणी जात नाही. उरलेल्यांची वाचाही थोडी जाते.

मात्र न विकणे हा काही सद्गुण नव्हे. कृपणही विकीत नाही. बाजारात गेलेली वस्तू आणि पेटीत कोंडलेली वस्तू, जगाला दोन्ही सारख्याच अंतरतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी चष्म्याचा व्यवसाय सांभाळून दिवे, अडकित्ते, दौती जमविल्या, अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहाला दिले आणि १९७५ साली सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. जे विकवत नाही ते देववते का, हीच ममत्वाची कसोटी. आणि देणे म्हणजे वस्तूबरोबर तिची हकीकतही देणे.

घरी येऊन मी आईला अडकित्त्याविषयी विचारले. १९७२ च्या दुष्काळात आजीने अंगावरचे दागिने विकले, पण हा ठेवला. दारी आलेल्यापुढे निदान सुपारीचे खांड तरी करता यावे म्हणून.

"आणि घागर?" मी विचारले.

"तिचीही गोष्ट होती," आई म्हणाली. "पण आता ती सांगून काय करायचे?"