मनोदेवतेचा कौल

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी वाङ्मय घेतलेली माझी पुतणी गेल्या पावसाळ्यात आमच्या पुनावळ्याच्या घरी राहावयास आली आणि बाराव्या मजल्यावरच्या ज्या खिडकीतून महामार्गाखालच्या भुयारी रस्त्यापाशी रोज सायंकाळी तुंबणारी वाहनांची रांग आणि १९९७ साली हे गाव महापालिकेत दाखल होण्यापूर्वीच्या शेतांपैकी उरलेली दोनचार वावरे एकाच दृष्टिक्षेपात दिसतात, त्या खिडकीपाशी बसून एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन ग्रंथ वाचू लागली. हॉथॉर्नच्या नायिकेच्या छातीवरचे ते लाल अक्षर तिला परके वाटले नाही, थोरोशी तिचा परिचय दुर्गाबाई भागवतांनी केलेल्या ‘वॉल्डन’च्या अनुवादामुळे पूर्वीच झालेला होता, मेल्व्हिलचा देवमासा तिने अर्ध्यावर सोडून दिला. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ने मात्र तिला अडविले, आणि तिच्यामागोमाग मलाही.

आरंभी तिने ते पुस्तक मिटूनच ठेवले होते. काळ्या माणसासाठी त्यात पानोपानी येणारा हिणकस शब्द तिला सोसेना. “शाळेत आमच्या वर्गातल्या एका मुलाला जातीवरून हाक मारायचे, काका, तीच हाक आहे ही,” असे ती म्हणाली. पुढे परीक्षेपायी तिने ते पुन्हा हाती घेतले आणि एकतिसाव्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने एक ओळ लिहिली : ‘हे पाप आहे, असं ह्याला कोणी शिकवलं?’

प्रसंग असा आहे. दारुड्या बापाच्या तावडीतून निसटलेला हक आणि मालकिणीच्या घरून पळालेला गुलाम जिम हे दोघे तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून दक्षिणेकडे वाहत जातात. सोबतीला चिकटलेले दोन भामटे जिमला चाळीस डॉलरला परभारे विकून टाकतात. गुलाम ही मालमत्ता, आणि तिला पळून जाण्यास साहाय्य करणे ही चोरी, ही शिकवण हकने लहानपणापासून ऐकलेली. कायदाही तोच आणि चर्चमधले प्रवचनही तेच. तेव्हा त्याचे मन त्याला खाऊ लागते आणि तो मालकिणीला जिमचा ठावठिकाणा कळविणारी चिठ्ठी लिहितो. ती लिहून होताच आपण पापातून धुऊन निघालो, आता आपल्याला प्रार्थना करता येईल, असे त्याला वाटते. आणि मग त्याला तराफा आठवतो. आपली झोप मोडू नये म्हणून स्वतःचा पहारा संपल्यावर आपलाही पहारा करीत बसलेला जिम आठवतो. धुक्यात चुकामूक होऊन आपण परत आलो तेव्हाचा त्याचा आनंद आठवतो. हातातल्या चिठ्ठीकडे तो पाहतो, क्षणभर श्वास रोखतो, आणि नरकात जावे लागले तरी बेहत्तर असे ठरवून ती फाडून टाकतो.

माझे पहिले मत असे पडले की, हा सदसद्विवेकबुद्धीचा रूढीवर झालेला विजय होय. पुतणीने ते मानले नाही. “विवेकबुद्धी तर चिठ्ठी लिहा म्हणत होती,” ती म्हणाली. “मन खात होतं ते जिमला पळवल्याबद्दल. चिठ्ठी फाडली तेव्हाही त्यानं धर्माला खोटं ठरवलं नाही. स्वतःला नरकात घातलं.” मी पान पुन्हा वाचले, आणि तिचे म्हणणे खरे होते. स्वतः ट्वेननेही पुढे आपल्या टिपणात हीच गोष्ट नमूद केली आहे की, ह्या पुस्तकात निकोप हृदयाची बिघडलेल्या विवेकबुद्धीशी गाठ पडते आणि विवेकबुद्धी हरते.

मग ‘आतला आवाज’ म्हणून ज्याचा आपण एवढा गौरव करतो, तो ईश्वराचा आवाज मानावा काय? हा प्रश्न आपल्याकडे टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या सहाव्या प्रकरणात घेतलेला आहे. सदसद्विवेक ही बुद्धीहून निराळी, स्वयंभू अशी देवता नव्हे; ती बुद्धीच होय, आणि बुद्धी शुद्ध नसेल तर तिचा कौलही शुद्ध असणार नाही, हा त्यांचा सिद्धान्त. मंडालेच्या तुरुंगात तो ग्रंथ लिहिताना टिळकांच्या डोळ्यांपुढे पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञ होते, मिसिसिपीवरचा पोरका मुलगा नव्हता; तरी हकच्या चिठ्ठीइतका ह्या सिद्धान्ताचा चोख दाखला मला दुसरा आढळलेला नाही. गावाने जे मनात भरले तेच मनोदेवता होऊन बोलू लागते, आणि ते भरणाऱ्याचा हात दिसत नाही म्हणून आपण त्यास ईश्वर म्हणतो.

परंतु बुद्धी शुद्ध व्हावी कशी, ह्या ठिकाणी मी टिळकांपासून थोडा बाजूला होतो. त्यांचे उत्तर आत्मज्ञानाचे आहे : सर्वांभूती एकच आत्मा पाहणाऱ्याची बुद्धी आपोआप सम होते. तहानलेल्या गाढवास गंगेची कावड पाजणाऱ्या एकनाथांची कथा आपण सांगतो तेव्हा त्यांच्या पाठीशी भागवतधर्म उभा असतो. जे केले ते ईश्वरास पावले, ही खात्री त्यांना होती. हकच्या पाठीशी कोणीच नाही. त्याला वेदान्त ठाऊक नाही, मोक्षाची आशा नाही, उलट नरकाची निश्चिती आहे. त्याच्याजवळ आहे ती एका माणसासंगे एका तराफ्यावर काढलेल्या रात्रींची आठवण. निष्काम कर्माची व्याख्या शब्दशः लावावयाची तर पापाची भीती पत्करून केलेले हे कर्म पुण्याच्या आशेने केलेल्या कित्येक दानधर्मांहून वरचे ठरेल, असे मी निःशंकपणे म्हणतो.

ट्वेनला हे कोठून सुचले, ह्याचा एक धागा मुंबईत सापडतो. १८९६ च्या जानेवारीत तो व्याख्यानांसाठी मुंबईस आला असता हॉटेलात एका धिप्पाड जर्मन गृहस्थाने, दार नीट लावण्यासाठी गुडघ्यावर बसलेल्या नोकराच्या, चूक काय ते न सांगताच, थोबाडीत मारली. नोकराने ती मुकाट्याने घेतली. त्या एका थपडेसरशी आपण पन्नास वर्षे मागे, गुलामांच्या मुलखातल्या आपल्या बालपणात गेलो, असे ट्वेनने प्रवासवर्णनात लिहिले आहे. त्याचा बाप सभ्य आणि न्यायी. मुलावर त्याने उभ्या आयुष्यात दोनदाच हात टाकला. पण घरच्या गुलाम पोराला क्षुल्लक चुकीसाठी तो मारी. त्या बापाचे मन त्याला खात नसे. अशी थप्पड ही रीतच आहे असे मुलालाही वाटे, आणि तरी मार खाणाऱ्याची त्याला कीव येई. ती कीव कोणी शिकविलेली नव्हती.

गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन जनतेला जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती हकची कथा अमेरिकेत छापली जाण्याच्या बारा वर्षे आधी. आणि त्याहीपूर्वी, १८६८ मध्ये, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो : आधी हौद, मग ग्रंथ. पाणी भरावयास आलेला माणूस रोज दारी दिसू लागला म्हणजे शास्त्राची तपासणी टाळता येत नाही.

आमच्या इमारतीत तीन लिफ्ट आहेत. घरकामास येणाऱ्या बायकांनी तिसऱ्याच लिफ्टने, जीतून कचऱ्याचे डबे आणि बांधकामाचे सामान जाते, ये-जा करावी, असा ठराव तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या समितीने मंजूर केला. मी त्या समितीचा सदस्य होतो. हरकत कोणी घेतली नाही, मीही नाही. माझे मन तेव्हा स्वच्छ होते. ज्यांना आम्ही सारे ‘मावशी’ म्हणतो, त्या आमच्या मावशी पावसाळ्यातल्या एका सकाळी, ती लिफ्ट बंद म्हणून, बारा मजले जिने चढून आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. पुतणीने त्यांना पाणी दिले आणि माझ्याकडे पाहिले. बोलली काहीच नाही.

ठराव रद्द करावा असा अर्ज तिने त्याच आठवड्यात लिहिला. ती सभासद नसल्याने तो माझ्या सहीने दाखल झाला असून येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकास आहे.